लाखीशच्या वेढ्याच्या जबान्या

१८४७-४८च्या सुमारास बसऱ्याहून आलेल्या काही अवजड लाकडी पेट्या मुंबई बंदरात उतरल्या. ऑस्टिन हेन्री लेयर्ड याने टायग्रिसच्या काठी, निमरुदच्या टेकाडातून खणून काढलेला हा ऐवज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे चालला होता. मुंबईत पेट्या उघडल्या गेल्या आणि लोकांनी आतला माल डोळे भरून पाहून घेतला. त्यात काळ्या दगडाचा, पुरुषभर उंचीचा एक चौकोनी स्तंभ होता. त्याच्या चारही अंगांना खंडणी घेऊन येणारी माणसं, दोन मदारींचे उंट, माकडं कोरलेली. वरून दुसऱ्या पट्ट्यात एक दाढीवाला माणूस अश्शूरच्या राजापुढे जमिनीला कपाळ टेकून ओणवा झालेला. तो कोण, हे मुंबईतच काय, जगात कुणालाही सांगता आलं नसतं, कारण कीलाकार लिपीचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नव्हतं. १८५१मध्ये एडवर्ड हिंक्स या आयरिश पाद्र्याने वरची ओळ लावली. नाव निघालं येहू. बायबलमधल्या इस्राएलचा राजा येहू.

तो स्वतः ओणवा आहे की त्याचा वकील, यावर विद्वान अजून भांडतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. अश्शूरचा लेखनिक येहूला अम्रीचा पुत्र म्हणतो. बायबलमधल्या दुसऱ्या राजे या पुस्तकानुसार याच येहूने अम्रीचं घराणं मुळासकट कापून काढलं आणि सत्तर राजपुत्रांची मुंडकी वेशीपाशी दोन ढिगांत रचून ठेवली. अश्शूरच्या दरबाराला मात्र अम्रीचं राज्य तेवढं ठाऊक होतं. गादीवर कोण कुणाला मारून बसला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आणि राजांच्या पुस्तकाने येहूच्या त्या लोटांगणाबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

याच येहूच्या बंडाची तिसरी जबानी १९९३मध्ये इस्राएलच्या उत्तर टोकाला, तेल दान इथे, अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात हाती आली. फुटलेल्या शिलालेखाचा तो तुकडा बहुधा दमास्कसच्या हजाएल राजाचा. त्यात ‘दावीदाचं घराणं’ हे शब्द आहेत, आणि दावीद निव्वळ काल्पनिक असं म्हणणाऱ्यांची त्यामुळे मोठी पंचाईत झाली. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. पण बहुतेक अभ्यासक त्या तुटक ओळी जशा जुळवतात, त्यानुसार हजाएल इस्राएल आणि यहूदा या दोन्ही राज्यांचे राजे आपण मारले अशी फुशारकी मारतो. बायबल म्हणतं, त्या दोघांना येहूने मारलं. एकाच खुनाचं श्रेय घ्यायला दोन माणसं पुढे आलेली! दोघांचं संगनमत होतं, असंही काही जण सुचवतात.

‘पुरातत्त्वाने बायबल खरं ठरवलं की खोटं?’ हा प्रश्न मला यामुळेच फार बोथट वाटतो. बायबल हा एक ग्रंथ नाही, कित्येक शतकांत साठत गेलेलं ते एक ग्रंथालय आहे, आणि त्याच्या निरनिराळ्या कपाटांचं जमिनीशी नातं निरनिराळं आहे. मिसरमधून निघालेल्या लाखोंच्या तांड्याची सिनायच्या वाळवंटात खूण सापडलेली नाही. यरीहोचा तट आपल्याला सापडला, असं जॉन गार्स्टँग यांनी १९३०च्या दशकात जाहीर केलं. १९५०च्या दशकात कॅथलीन केनयन यांनी तिथलेच थर पुन्हा नीट तपासले, तेव्हा ते शहर इ.स.पू. १५५०च्या आसपासच बेचिराख झालेलं निघालं, म्हणजे बायबलमधला सेनानी यहोशवा यायच्या कितीतरी आधी. आय नावाचं जे नगर त्याने जाळलं म्हणतात, ती जागा तेव्हा हजारभर वर्षं ओसाड होती. उलट, इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या मिसरी राजा मेर्नेप्ताहच्या शिलालेखात कनानमधल्या एका लोकसमूहाचं नाव इस्राएल असं स्पष्ट आलं आहे. म्हणजे माणसं होती, त्यांच्या येण्याची कथा नंतर रचली गेली. शलमोनाच्या वैभवाचं भांडण अजून मिटलेलं नाही: यिगाएल यादीन यांनी ज्या वेशी त्याच्या मानल्या, त्या इस्राएल फिंकेलस्टाइन जवळपास शंभर वर्षं अलीकडे ओढतात. इ.स.पू. नवव्या शतकापासून मात्र शेजाऱ्यांचे लेख बोलू लागतात आणि सगळा रंगच पालटतो. या काळातलं एकच वर्ष घ्यावं आणि ते कसून वाचावं. माझी निवड इ.स.पू. ७०१.

अश्शूरचा सम्राट सार्गोन ७०५मध्ये रणांगणावर मारला गेला, त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. मांडलिकांनी हा मोका साधला. यहूदाचा राजा हिज्कीया याने खंडणी थांबवली. शेजारच्या एक्रोनचा राजा पादी अश्शूरशी इमान राखून होता. त्याच्याच लोकांनी त्याला बेड्या घालून हिज्कीयाच्या हवाली केलं आणि तो यरुशलेमेत कैद झाला. सार्गोनचा मुलगा सन्हेरीब चार वर्षांनी फौज घेऊन पश्चिमेला उतरला.

या मोहिमेची त्याची स्वतःची बखर मातीच्या षट्कोनी स्तंभांवर लिहिलेली आहे. त्यातला एक निनवेत १८३० साली बगदादचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल टेलर यांना मिळाला. हिज्कीयाची ४६ तटबंदीची गावं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि खुद्द हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी त्याची प्रौढी. कोंडलं एवढंच, शहर घेतलं असं तो कुठेही म्हणत नाही. त्याच मोहिमेत अश्कलोनच्या बंडखोर राजाला त्याने कुटुंबकबिल्यासह उचलून अश्शूरला नेलं. हिज्कीया गादीवर राहिला. पुढे त्याने ३० किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोनं आणि ८०० किक्कार चांदी निनवेला पाठवली, असा हिशेब शेवटी दिलेला आहे.

दुसऱ्या राजे पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातही हा हिशेब आहे. सोनं ३० किक्कार, तंतोतंत तेवढंच. चांदी ३००. दोन शत्रूंच्या दप्तरांत, शेकडो कोसांच्या अंतरावर, सोन्याचा एकच आकडा उतरावा याहून भक्कम पुरावा प्राचीन इतिहासात क्वचित मिळतो. चांदीच्या फरकाची नाना स्पष्टीकरणं दिली जातात. मंदिराच्या दारांचा पत्रा खरवडून काढावा लागला असं बायबलच सांगतं, तेव्हा एका बाजूने घातलेलं सगळं धरलं आणि दुसऱ्याने पारखून घेतलेलंच, असं असू शकेल. पण वसूल करणारा आकडा फुगवतो आणि देणारा कमी सांगतो, एवढी साधी समजूत मला पुरेशी वाटते.

आणि लाखीश? यरुशलेमेखालोखाल यहूदाचं ते सर्वांत बळकट शहर. बायबलमध्ये त्याचं नाव जाता जाता येतं: सन्हेरीबाचा मुक्काम लाखीशला होता, हिज्कीयाने शरणागतीचा निरोप तिकडे धाडला, अश्शूरचे सरदार तिथून यरुशलेमेकडे निघाले. शहराचं काय झालं ते सांगितलेलं नाही. सन्हेरीबाच्या त्या स्तंभांवर तर लाखीश हे नावच नाही. दोन्ही लेखांवर विसंबलो असतो तर तिथे काही विशेष घडलं होतं, अशी शंकाही आली नसती.

पण निनवेतल्या राजवाड्याच्या एका आतल्या दालनात लेयर्डला भिंतभर कोरीव पटलं मिळाली, आणि त्यावरच्या लेखात लाखीशची लूट आपल्यापुढून जात असताना सन्हेरीब सिंहासनावर बसला असल्याचा उल्लेख आहे. ती पटलं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला भिडवलेला उतार, त्यावर चढणारी भिंतफोड यंत्रं. वरून फेकलेल्या पेटत्या पलित्यांनी यंत्र जळू नये म्हणून आत बसून पळीने पाणी ओतणारा शिपाई. खांबांवर टोचलेली प्रेतं. बैलगाडीत बोचकी आणि पोरंबाळं घालून वेशीबाहेर पडणारी कुटुंबं. राजाचा चेहरा कुणीतरी मुद्दाम छिन्नीने उडवला आहे, बहुधा ६१२मध्ये निनवे पडलं तेव्हा.

खुद्द लाखीशच्या टेकाडावर जेम्स स्टार्की यांनी १९३२मध्ये कुदळ मारली. १९३८च्या जानेवारीत यरुशलेमेच्या वाटेवर त्यांचा खून झाला आणि काम अर्धवट राहिलं. १९७०च्या दशकात डेव्हिड उसिश्किन यांनी ते पुन्हा हाती घेतलं. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला दगडांचा ढिगारा वेढ्याचाच उतार निघाला. असा अश्शूरी उतार दुसरीकडे कुठे खणून निघालेला नाही. तटाच्या आतल्या अंगाला लाखीशकरांनी घाईघाईने रचलेला उलटा बांधही मिळाला, जो ना बायबलला ठाऊक होता ना निनवेच्या शिल्पकाराला. शेकडो बाणांची टोकं, गोफणीचे गोटे, भिंतफोड यंत्राचं तोंड अडकवायला खाली सोडलेली असावी अशी लोखंडी साखळी. जवळच्या गुहांत स्टार्कींना सुमारे १५०० माणसांची हाडं आढळली होती. ती याच वेढ्यातली, हे पुष्कळांना पटतं.

यरुशलेमेत याच काळाचं आणखी एक काम आहे: गिहोन झऱ्याचं पाणी तटाच्या आत आणणारा ५३३ मीटरचा बोगदा. हिज्कीयाने पाणी नगरात आणल्याचं बायबल म्हणतं. १८८०मध्ये बोगद्याच्या भिंतीवर हिब्रू लेख सापडला. सध्या तो इस्तंबूलमध्ये आहे. दोन टोकांकडून खणत आलेल्या टोळ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकू आले आणि शेवटी कुदळीला कुदळ भिडली, एवढंच त्यात आहे. राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. प्राचीन जगात काम करणाऱ्यांनी स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं इतकं मोकळं लिखाण फारसं वाचायला मिळत नाही. २००३मध्ये गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून आणि साठलेल्या चुन्यावरून बोगद्याचा काळ इ.स.पू. ७००च्या आसपास ठरवला गेला. काही जण त्याला थोडा आणखी मागे नेतात.

राहिली ती चमत्काराची गोष्ट. खंडणीची तीन-चार वचनं संपतात आणि राजांचं पुस्तक जणू ती दिलीच नव्हती अशा थाटात दुसरी हकिकत सुरू करतं. अश्शूरचा सरदार तटाखाली उभा राहून हिब्रूत दमदाटी करतो. हिज्कीयाचे कारभारी, तटावरच्या लोकांना कळू नये म्हणून, आरामीत बोला अशी गयावया करतात. यशया संदेष्टा धीर देतो. आणि एका रात्रीत परमेश्वराचा दूत १,८५,००० अश्शूरी शिपाई मारतो. सन्हेरीब परततो आणि मुलांच्या हातून मरतो. हिरोडोटस मिसरमध्ये ऐकलेली वेगळीच कथा सांगतो: उंदरांनी सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. कुणी या दोन्हींत मिळून प्लेगची साथ शोधतं. मला तो खटाटोप वाटतो. खंडणी घेतलेल्या राजाला मागे फिरायला साथ कशाला लागते? यहूदाचा सुपीक पायथा उद्ध्वस्त झाला होता, तिजोरी निनवेला पोचणार होती, हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पुढे अश्शूरचा निमूट मांडलिक म्हणून त्यांच्याच दप्तरात सापडतो. सुटका झाली ती अशी.

तरीही ही दुसरी हकिकत निव्वळ थाप म्हणून बाजूला सारता येत नाही. सन्हेरीबाचा खून खरा आहे. बाबेलच्या बखरीत मुलाने बाप मारल्याची नोंद आहे, आणि १९८०मध्ये सिमो पार्पोला यांनी एका फुटक्या पत्रावरून खुन्याचं नाव अर्दा-मुलिस्सु असल्याचं दाखवलं. बायबलमधला अद्रम्मेलेक तो हाच. फक्त हा खून ६८१चा, मोहिमेनंतर वीस वर्षांनी झालेला. याच हकिकतीत सन्हेरीबाशी लढायला निघालेल्या तिऱ्हाकालाही कूशचा राजा म्हटलं आहे, तो गादीवर बसला ६९०मध्ये. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याच्यापाशी खऱ्या बातम्या होत्या, पण त्या दुरून दिसत होत्या आणि मधली वर्षं गळून पडली होती. पापाची शिक्षा लगेच मिळाली, असं त्याला वाटलं असावं.

त्याच्याहीपेक्षा मला कुतूहल आहे ते राजांच्या पुस्तकाच्या संपादकाचं. खंडणी आणि चमत्कार शेजारी बसत नाहीत, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. काही शतकांनंतर दुसरा इतिहास हे पुस्तक लिहिणाऱ्याने खंडणीचा मजकूर सरळ गाळून टाकला आणि गोष्ट गुळगुळीत केली. राजांच्या संपादकाने ती वचनं ठेवली. मंदिराचं सोनं खरवडणाऱ्या आपल्याच आवडत्या राजाबद्दलची ती ओळ का ठेवावीशी वाटली असेल? तिच्यातला ३० किक्कारांचा आकडा पंचवीस शतकांनंतर मातीच्या स्तंभावर सापडेल, हे काही त्याला ठाऊक नव्हतं.

याउलट आज पुरावा हवा असणाऱ्यांची बाजारपेठ आहे, आणि बाजाराला लागतो तो माल तयार होतो. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून घेतलेले सोळाही तुकडे बनावट असल्याचं २०२०मध्ये मान्य केलं. जमिनीच्या कोणत्या थरातून आली हे जिच्याबद्दल माहीत नाही, ती वस्तू कितीही सोयीची असली तरी साक्षीला उभी करू नये, हा नियम श्रद्धाळूंनाही लागू आहे आणि नास्तिकांनाही.

थरातून आलेली शेवटची साक्ष एक्रोनची. १९९६मध्ये तिथल्या मंदिरात मिळालेल्या दगडावर मंदिर बांधणाऱ्या राजाचं नाव आहे: अखीश, पादीचा पुत्र. पादी म्हणजे यरुशलेमेत कैद असलेला तोच. सन्हेरीबाने त्याला सोडवून गादीवर बसवलं आणि हिज्कीयाची हिरावलेली गावं त्याला आणि किनाऱ्यावरच्या इतर राजांना वाटून दिली. पुढच्या शतकात एक्रोन कित्येक पटींनी वाढलं. ऑलिव्हचं तेल गाळणारे शंभरावर घाणे तिथे खणून निघाले आहेत. यहूदाच्या डोंगरपायथ्याची लाखीशसारखी गावं मोडली आणि एक्रोन तेलाच्या व्यापारावर उभं राहिलं. बायबलने हे लिहिलं नाही, कारण त्याला यरुशलेम सांगायचं होतं. सन्हेरीबानेही लिहिलं नाही. मोहीम संपली की त्याची बखर पुढच्या मोहिमेकडे वळते.