शिशाची गोळी कुणाला लागते?

अमेरिकेत हा एक साधासा छंद आहे. सुट्टीची सकाळ, घराचं गॅरेज, टेबलावर मावेल एवढी इलेक्ट्रिक भट्टी, धातूचा साचा आणि वितळलेलं शिसं. थोड्या वेळात शे-दोनशे बंदुकीच्या गोळ्या तयार. यूट्यूबवर याचे असंख्य व्हिडिओ आहेत आणि नवशिक्यांसाठीच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये एक वाक्य असतंच : सुरक्षितपणे सुरुवात कशी करायची.

मला बंदुकीत फार रस नाही. रस आहे तो ‘सुरक्षित’ या शब्दात. सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे हा शब्द मी रोज ऐकतो आणि रोज एकच प्रश्न विचारायला शिकलोय : सुरक्षित, पण कुणासाठी?

आधी कायद्याचं बोलू, कारण ते थोडक्यात आटोपतं. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. म्हणजे नांदेड-लातुरात बसून कुणाला हा छंद सुचला, तर त्याची ‘सुरक्षित सुरुवात’ एकच : सुरुवात न करणं.

पण शिसं वितळवणं म्हणजे फक्त बंदुकीच्या गोळ्या पाडणं नव्हे. मराठीत ‘गोळी’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. बंदुकीची ती गोळी, औषधाची ती गोळी आणि गोदावरीत टाकायच्या जाळ्याच्या कडेला ओवतात तीही शिशाची गोळीच. नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करत असताना नदीकाठी फिरायला जायचो, तेव्हा तिथं एक मासेमार काका तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवताना दिसायचे. शेजारी त्यांचा चार-पाच वर्षांचा नातू बसलेला. गार झालेल्या गोळ्या गोळा करणं हे त्याचं काम.

“काका, हे शिसं कुठून आणता?”

“भंगारातून. बॅटरीचं असतंय.”

“ह्याचा धूर वाईट असतो म्हणतात.”

“धूर तर चुलीचाबी वाईटच असतोय की.”

या उत्तरावर मी तेव्हा काही बोललो नाही. आजही त्यांचं वाक्य मला खोडून काढता येत नाही. फक्त त्याच्यापुढचं थोडं सांगता येतं.

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. एवढ्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. भट्टी पाचशे अंशांच्या आसपास गेली की धोका वाढायला लागतो. पण खरा शत्रू धूर नाही, धूळ आहे. वितळलेल्या शिशावर करडी साय धरते. ती काढून टाकली की तिची बारीक पूड हातावर, कपड्यांवर, जमिनीवर बसते. तोच हात तोंडाला लागतो, तेच कपडे घालून माणूस घरात येतो आणि लेकराला उचलून घेतो.

म्हणून जाणकार सांगतात : काम उघड्यावर करा, वारा पाठीशी घ्या. थर्मामीटर वापरा. पाण्याचा थेंबही जवळ नको, कारण वितळलेल्या शिशाखाली अडकलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि सगळं शिसं अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, जाड बूट घाला. तिथे खायचं-प्यायचं नाही, विडी ओढायची नाही. ती भांडी पुन्हा स्वयंपाकात नाहीत. जागा झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोतच. अधूनमधून रक्त तपासून घ्यायचं. आणि बॅटरीचं शिसं तर अजिबात नाही, कारण त्यात आम्ल असतं, शिवाय आर्सेनिक आणि अँटिमनी असू शकतात. त्याची साय ओली झाली तर जीवघेणा वायू निघू शकतो.

यादी चांगली आहे. आता ती घेऊन त्या काकांकडे जा. वेगळी जागा? घर एका खोलीचं. चष्मा, हातमोजे? त्या पैशात किलोभर तेल येतं. बॅटरीचं शिसं नको? तेच तर परवडतं. नातवाला दूर ठेवायचं? आई-बाप कामावर गेलेत. ही यादी गॅरेज असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे. जगात ‘काळजी घ्या’ असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्याकडे ती घ्यायला लागणारी जागा, वेळ आणि पैसा आहे हे आपण गृहीतच धरतो.

दुसरा पेच आकड्याचा आहे. ‘थोडंसं शिसं चालतं’ असं लोक म्हणतात. किती थोडं? अमेरिकेत १९६०च्या दशकात लहान मुलाच्या एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं असं मानत. मग तो आकडा ४० झाला, ३० झाला, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ मध्ये ३.५. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. विचार करा, १९८० मध्ये रक्तात २८ मायक्रोग्रॅम असलेलं मूल कागदावर ठणठणीत होतं. तेवढंच शिसं असलेलं मूल दहा-बारा वर्षांनी विषबाधित ठरलं. शरीर तेच, शिसं तेवढंच. बदलली होती ती आपली समज.

कोडमध्ये अशी मर्यादा बदलायला एक ओळ पुरते. शरीरात ती सोय नाही. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत शिरतं आणि दशकानुदशकं तिथे मुक्काम करतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम बाळाकडे जातं, त्याबरोबर तिच्या लहानपणीचं शिसंही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाचपट शोषून घेतात. त्याचा पहिला घाव मेंदूवर असतो आणि तो दिसत नाही. ना ताप, ना पुरळ. फक्त मूल ‘अभ्यासात जरा कच्चं’ निघतं.

इथे मला लातूर आठवतं. आमच्या लहानपणी लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात दिवे गेल्यावर अभ्यास थांबून कसं चालेल? म्हणून घरोघरी, क्लासमध्ये, होस्टेलवर इन्व्हर्टर आले. त्या बॅटरीच्या वजनातलं निम्म्याहून अधिक शिसं असतं. तीन-चार वर्षांनी बॅटरी बसली की ती भंगारात जायची. तिथून काही रीतसर कारखान्यात, काही गावाबाहेरच्या उघड्या भट्टीवर. म्हणजे ज्या शिशाच्या उजेडात एका मुलाचे मार्क वाढले, तेच शिसं पुढे दुसऱ्या मुलाच्या डोक्यातला उजेड कमी करत गेलं असेल. दोघांची कधी भेट होत नाही. दोघांपैकी कुणाचाच यात दोष नाही. तरी हिशेब राहतोच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणांना कुणी विचारलं होतं?

‘माझ्या घरात मी काय करायचं ते माझं मी ठरवीन’ हे म्हणणं मला पटतं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये याच स्वातंत्र्याची बाजू मांडली, पण एक अट घालून : इजा दुसऱ्याला होत असेल, तर समाजाला मध्ये पडता येतं. शिसं नेमकं या अटीवर बोट ठेवतं, कारण ते ‘माझ्या घरात’ राहतच नाही. बंदुकीची गोळी सुटल्यावर कुणाला लागणार हे निदान नेम धरणाऱ्याला माहीत असतं. शिशाची गोळी बंदुकीत जायच्या आधीच लागायला सुरुवात होते, आणि बहुधा नेम धरलेला नसतो त्यालाच लागते.

म्हणून माझ्या मते सुरक्षिततेचा प्रश्न ‘मला काय होईल’ इथे संपत नाही. ज्याने धोका पत्करला तो आणि ज्याच्यावर धोका येऊन पडला तो, यांना एकाच तराजूत घालता येत नाही. प्रौढ माणसाने जाणूनबुजून जोखीम घेतली तर तिचा मान ठेवावा. गोळ्या गोळा करणाऱ्या नातवाने ती घेतलेली नाही.

पण मग काकांना दोषी ठरवून मोकळं व्हायचं का? तेही नको. ब्रिटनमध्ये मासेमारीची शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले, तेव्हा १९८७ मध्ये बहुतेक आकाराच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली आणि बाजारात दुसऱ्या धातूंची वजनं मिळू लागली. म्हणजे पर्याय देता येतो, मनात आणलं तर. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याला उपदेश करण्यापेक्षा पर्याय स्वस्त करणं जास्त नैतिक आहे. जाळ्याला लोखंडी साखळी किंवा नट लावूनही चालतं. ती भंगारातल्या शिशाच्या भावात नदीकाठी मिळाली पाहिजे, एवढंच.

आणि आपल्या हातात काय आहे? घरातली इन्व्हर्टरची, गाडीची बॅटरी. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यात टाकायची नसते, अधिकृत संकलनाकडे द्यायची असते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या आणि ती पुढे कुठे जाते ते विचारा. दारावर आलेला भंगारवाला चारशे-पाचशे रुपये जास्त देत असेल, तर तो ते कुठून देतो याचा विचार करा. ते पैसे कुठल्या तरी भट्टीवर वाचलेले असतात आणि तिथे चष्मा नसतो, हातमोजे नसतात, आणि बहुतेक वेळा शेजारी एक लेकरू खेळत असतं.