मरून कामी येणाऱ्या पेशी

रक्ताच्या कर्करोगावर दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवली की कधीकधी भलतेच घडते. दात्याच्या प्रतिकारक पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके ठरवतात आणि त्वचा, आतडी, यकृत यांवर तुटून पडतात. स्वीडनमध्ये कातारिना ल ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असाच एक नऊ वर्षांचा मुलगा होता. औषधे थकली होती. त्याच्या आईच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल मूळपेशी त्याला शिरेतून दिल्या आणि तो सावरला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकिगत छापून आली.

मूळपेशी म्हणजे नवा अवयव घडवणारी पेशी, अशी आपली समजूत. इथे तसले काही होत नाही. शिरेतून गेलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. मात्र दाह पेटलेला असेल, दाहाचा इशारा देणारे इंटरफेरॉन गॅमा वाढलेले असेल, तर त्या कामाला लागतात. आयडीओ नावाच्या विकराने त्या हल्लेखोर टी पेशींना हवे असलेले ट्रिप्टोफॅन मोडून टाकतात. प्रोस्टाग्लँडिन सोडून भक्षक पेशींचा पवित्रा बदलवतात. दाहच नसेल, तर हा परिणाम फारसा दिसत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट २०१७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी दाखवली. रुग्णाच्या मारक पेशी या पाहुण्यांना ठार करतात, भक्षक पेशी त्यांचे अवशेष गिळतात आणि त्या गिळण्यातूनच दाह ओसरण्याचा संदेश निघतो. ज्या रुग्णांच्या रक्तात या पेशींना मारण्याची ताकद जास्त होती, त्यांनाच गुण आला. म्हणजे औषधाचा अर्धा भाग बाटलीत असतो आणि अर्धा रुग्णाच्या अंगात.

मला हा मुद्दा साऱ्या यशापयशांपेक्षा मोलाचा वाटतो. चाचण्यांचा इतिहास धरसोडीचा आहे. क्रोन्स आजारातल्या भगंदरावरचे अशा पेशींचे औषध युरोपने २०१८ साली मंजूर केले; पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकले नाही आणि २०२४ साली बाजारातून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेने, प्रत्यारोपणानंतरच्या या आजारात स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांसाठी, अशाच पेशींच्या दुसऱ्या एका औषधाला परवानगी दिली. टीकाकार पहिल्या घटनेकडे बोट दाखवतात, भक्त दुसऱ्या घटनेकडे. पण ज्या उपचाराचा निकाल रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर ठरतो, तो सरसकट सगळ्यांना टोचून सरासरी काढली, तर आकडे असे हेलकावणारच.

म्हणूनच गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर मूळपेशींचे एकच इंजेक्शन विकणाऱ्या जाहिराती मला नुसत्या अतिरंजित वाटत नाहीत. ज्या विज्ञानाचा हवाला त्या देतात, त्याच्याच त्या विरोधात जातात. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता बाकी मूळपेशी-उपचार प्रयोगात्मकच मानले. त्यांची जागा चाचणीत, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचे बिल हातात पडले की पहिली शंका तिथेच घ्यावी. दुसरा प्रश्न डॉक्टरांना विचारावा: माझ्या शरीरात या पेशींना कामाला लावणारा दाह आहे का, आणि तो तुम्ही मोजलात कशाने?