विकाऊ घरातली तुळस
परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत हिवाळ्यात पारा कित्येकदा 10 अंशांखाली जातो. अंगणातली तुळस काटकुळी होते. अशा वेळी घर विकणाऱ्याने दारात शेवंतीच्या कुंड्या मांडल्या, तर ते असत्य ठरते का? सडा-रांगोळीला कुणी फसवणूक म्हणत नाही, असा आक्षेप येईल. खरेच आहे, पण रांगोळी काही झाकत नाही. आटलेला बोअर लपवून टँकरच्या पाण्यावर जोपासलेली हिरवळ मात्र खोटी साक्ष देते. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, हा झाला बाजाराचा न्याय. तोही पुरता नाही: 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याला सांगायला लावतो. तुळशीची पानगळ झाकायचे तर कारणच नाही. मंजिऱ्या खुडून, आळे करून ती तशीच दाखवावी. कुंड्या सौद्यात आहेत की नाहीत, तेवढे आधी सांगावे.