रस्त्याचा हक्क

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. पाकी हा ईमानचा अर्धा भाग, हे आमच्या मुलांना तोंडपाठ असते. त्यांची घरेही स्वच्छ असतात. पण त्याच घरांतली कचऱ्याची पिशवी गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन पडते. उंबऱ्याच्या आतले आपले, बाहेरचे कोणाचेच नाही!

रस्ता खरेच कोणाचा नसतो का? वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हीदेखील ईमानची शाखा आहे, असे हदीस सांगते. मग ती वाटेत टाकणे काय ठरेल? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा गटारे तुंबण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचाही वाटा होता. राज्याने २०१८ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली, पण कोपऱ्यावरचे ढीग आजही दिसतात.

अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा करता येते. बंद्याचा हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. पण आपल्या पिशवीने कोणाच्या घरात पाणी शिरले, हे कसे कळणार? ज्याचा पत्ताच ठाऊक नाही, त्याच्याकडे माफी मागायला जायचे कुठे? म्हणून हा गुनाह आम्हाला लहान वाटत नाही. पिशवी हातात आहे तोवरच विचार केलेला बरा.