हवालदाराला नेतृत्व कोण शिकवणार?

पोलीस सुधारणांची चर्चा आपल्याकडे नेहमी वरून सुरू होते : महासंचालकांची नेमणूक, बदल्यांमधला राजकीय हस्तक्षेप, प्रकाश सिंह खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल. हे सगळे महत्त्वाचेच. पण रात्री दीड वाजता नाकाबंदीवर काठी उगारायची की नाही, हे महासंचालक ठरवत नाहीत. ते जागेवरचा ज्येष्ठ माणूस ठरवतो, म्हणजे हवालदार किंवा सहायक फौजदार. हाताखालच्या शिपायांचा त्या वेळी तोच साहेब असतो. माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्याला कधी मिळाले का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा बेड्या घातलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ होता, हे जगाने पाहिले. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात एक आवाज ऐकू येतो. फ्लॉइडचे पाय धरलेला थॉमस लेन हा नवखा पोलीस विचारतो, याला कुशीवर वळवायचे का? शॉविन नकार देतो. लेन थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. दुसरा नवखा, अलेक्झांडर क्युंग, नाडी पाहतो आणि ती लागत नसल्याचे सांगतो. गुडघा हलत नाही आणि फ्लॉइड दगावतो. प्रशिक्षण संपवून पूर्ण पोलीस म्हणून कामाला लागून दोघांना मोजकेच दिवस झाले होते. शॉविनची नोकरी एकोणीस वर्षांची. नवख्यांना रस्त्यावरचे काम शिकवणे ही त्याची जबाबदारी होती आणि क्युंग त्याच्याच हाताखाली शिकला होता. सहकारी अतिरेक करत असेल तर त्याला अडवावे, असा नियम त्या खात्यात २०१६ पासून होता. पण अडवायचे कसे याचा सराव कनिष्ठांना नव्हता आणि ऐकून घ्यायची सवय ज्येष्ठाला नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळम ठाण्यात जयराज आणि बेनिक्स या बापलेकांना मारहाण झाली आणि दोघेही दगावले. ड्यूटीवरच्या महिला हवालदाराने पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर धैर्याने साक्ष दिली. पण त्या रात्री ठाण्यात तिचा शब्द चालावा, अशी सोय कुठेच नव्हती.

ही सोय करता येते. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये 'एपिक' नावाचा कार्यक्रम सुरू केला. अन्याय समोर होत असताना माणसे गप्प का बसतात आणि कशाने बोलती होतात, याचा मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टाउब यांनी केलेला अभ्यास त्याच्या मुळाशी आहे. त्यात प्रसंग उभे करून सराव घेतात : सहकाऱ्याचा तोल जातोय हे ओळखायचे, त्याला वेळीच थांबवायचे आणि आपल्याला कुणी थांबवले तर मागे सरायचे. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण तिथे ज्येष्ठाचा मान आडवा येतो.

शिस्तीच्या खात्यात कनिष्ठ ज्येष्ठाला अडवू लागला तर घडी विस्कटेल, हा आक्षेप गंभीर आहे. दंगलीत हुकुमावर चर्चा होऊ शकत नाही, हे मान्यच. पण बेड्या घातलेला माणूस पुढ्यात असताना तशी घाई नसते. तिथे 'साहेब, मी बघतो, तुम्ही जरा बाजूला व्हा' असे म्हणणारा शिपाई एक जीव वाचवतो आणि साहेबाची नोकरीही. गप्प राहण्याने त्याचे स्वतःचेही भले होत नाही. लेन आणि क्युंग दोघांनाही तुरुंगात जावे लागले.

आपल्याकडे हवालदारकी आणि पुढे सहायक फौजदारकी मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. बाहीवरची फीत वाढली म्हणून माणसे सांभाळण्याची समज आपोआप येत नाही. म्हणून या पदांवर जाण्याआधी हा सराव सक्तीचा करावा. निरीक्षकांनी तो आधी स्वतः करावा, नाहीतर खालच्यांना तो देखावाच वाटेल. आणि ज्येष्ठाला रोखणाऱ्या शिपायाचा गोपनीय अहवाल बिघडणार नाही, याची लेखी हमी द्यावी. शिपाई पुस्तकापेक्षा आपल्या हवालदाराकडूनच जास्त शिकतो. आज जो हवालदार ऐकून घ्यायला शिकेल, त्याच्या हाताखालचे शिपाई पुढे तसेच हवालदार होतील.