शेवटच्या प्रकरणातील अणू

टेबलावर ठेवलेले पुस्तक खाली जात नाही, कारण टेबल त्याला वर ढकलते, असे सांगून शिक्षकांनी फळ्यावर दोन बाण काढले, तेव्हा आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले होते, की नेमके किती ढकलावे हे निर्जीव लाकडाला कळते कसे? उत्तरादाखल न्यूटनचा तिसरा नियम पुन्हा एकदा म्हणून घेण्यात आला. तो नियम बलांची जोडी सांगतो. बल उपजते कोठून, हे सांगत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात, अणूंच्या वर्णनात होते, आणि आम्ही तेथे पोहोचलो तोवर प्रश्न कोणाच्याच स्मरणात उरला नव्हता.

अणूला हे अखेरचे स्थान इतिहासाने दिले. न्यूटनचे गतिशास्त्र 1687 साली ग्रंथरूपाने सिद्ध झाले. डाल्टनने रासायनिक संयोगांच्या प्रमाणांवरून 1808 साली अणू मांडला, तरी ओस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे विद्वान एकोणिसावे शतक सरेपर्यंत त्याला हिशेबाची सोय एवढेच मानीत राहिले. आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अविरत थरथरीचे गणित आइन्स्टाइनने 1905 साली मांडून पेराँने ते सूक्ष्मदर्शकाखाली पडताळले, तेव्हा कोठे, 1909च्या सुमारास, ओस्टवाल्डने अणूचे अस्तित्व मंजूर केले. शोधाचा हाच क्रम पाठ्यपुस्तकांनी शिकवण्याचा क्रम म्हणून कायम केला. परंतु घर बांधणाराला जो जिना शेवटी लाभला, तो राहावयास येणाराने पहिल्याच दिवशी का चढू नये?

1961 साली कॅलिफोर्नियात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे फाइनमन उभे राहिले, ते अणूंच्या गतीपासूनच आरंभ करून. मात्र पुढे त्यांचा अभ्यासक्रमही बव्हंशी गतिशास्त्राच्या रुळलेल्या वाटेला लागला. तो आरंभ शेवटपर्यंत निभावण्याचे काम अमेरिकेतीलच रूथ शॅबे आणि ब्रूस शेरवूड या अध्यापकांनी केले, आणि 1999 साली त्याची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांच्या वर्गात घन पदार्थ म्हणजे स्प्रिंगांनी एकमेकांस जोडलेले गोळे. पुस्तक ठेवताच टेबलाच्या स्प्रिंगा दबतात, आणि पुस्तकाचे वजन पेलले जाईल इतक्याच दबतात. लाकडाला काही कळावे लागत नाही. दोरीचा ताणही तसाच. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. ॲल्युमिनियमची तार वजनाने किती ताणली जाते ते मोजले, आणि घनता व अणुभार यांवरून दोन अणूंमधील अंतर काढले (ते मिलिमीटरच्या सुमारे चाळीस लाखांव्या भागाइतके भरते), की एका बंधाचा ताठपणा हाती येतो : मीटरला सुमारे 18 न्यूटन, म्हणजे 180 ग्रॅम वजनाने दहा सेंटिमीटर ताणल्या जाणाऱ्या, हाताने सहज ओढता येईल अशा मऊ स्प्रिंगेएवढा. आता त्याच आकड्यावरून ॲल्युमिनियमच्या दांड्यातून ध्वनी किती वेगाने जाईल हे काढावे, तर उत्तर सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर येते, आणि हातोडीने दांडा ठोकून पाहिले असता दांडाही तीच साक्ष देतो.

या पद्धतीवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. न पाहिलेला अणू पहिल्याच दिवशी गृहीत धरावयास सांगणे म्हणजे विज्ञानाच्या वर्गात शब्दप्रामाण्य दाखल करणे नव्हे काय? आपल्याकडील वैशेषिकांचे येथे स्मरण होते. कवडशात दिसणाऱ्या त्रसरेणूपासून मागे जात त्यांनी परमाणूची कल्पना केली, आणि त्याच दर्शनाने प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानून शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा नाकारला. त्यांचे अनुमान मोजमापापर्यंत गेले नाही, हे खरे. पण अणू शिकवणाराने ही शिस्त तरी सोडता कामा नये.

आणि ती पाळणे अवघडही नाही. अठराव्या शतकात फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले, आणि ते पसरत सुमारे अर्ध्या एकरावरचे पाणी शांत करून गेले. चमचा पाच घनसेंटिमीटरचा धरला, तर त्या थराची, म्हणजे तेलाच्या एका रेणूची, जाडी मिलिमीटरच्या चार लाखांव्या भागाइतकी निघते. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही, पण शाळेतील मुलाला तो करता येतो. परातीत पाणी घ्यावे, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, खूप विरल केलेल्या ओलेइक आम्लाचा एक थेंब मध्यभागी सोडावा, आणि पावडर मागे सरून जे स्वच्छ वर्तुळ उमटेल, त्याचा व्यास मुलांनी आपल्या दप्तरातील पट्टीनेच मोजावा.