बेणे आले, विद्या राहिली

मेक्सिकोतल्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात आणि धुऊन वाटतात. हजारो वर्षांच्या या रीतीमुळे मक्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. १४९२ नंतर मका अटलांटिक ओलांडून युरोपात रुजला. चुन्याची रीत पलीकडेच राहिली. उत्तर इटलीत आणि उत्तर स्पेनमध्ये गरीब शेतकरी निव्वळ मक्यावर जगू लागला, तेव्हा कातडी सोलवटणारा आणि अखेर वेड लावणारा पेलाग्रा त्याच्या घरात शिरला. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. कारण नीट उमगायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

बटाट्याचेही तेच झाले. बटाट्याच्या मूळ घरी, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, शेतकरी एकाच शेतात अनेक वाण लावत आला. एकावर रोग पडला तरी दुसरा तरतो. आयर्लंडच्या गोरगरिबांचे पोट मात्र मुख्यतः ‘लम्पर’ या एकाच वाणावर चालत होते. १८४५ मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. जमीनदारी आणि लंडनच्या सरकारचा कोडगेपणा यांनी पिकाच्या रोगाचा महादुष्काळ केला, हे खरेच. पण एकाच वाणावर विसंबण्याचा धोका अँडीजमध्ये केव्हाच ओळखला गेला होता.

मग ही विद्या समुद्र का ओलांडू शकली नाही? एक तर ती सांगणारे फारच थोडे उरले. १५२० मध्ये देवीची साथ अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये शिरली आणि पुढच्या शतकभरात साथींमागून साथी येत गेल्या. हा संहार बव्हंशी नकळत झाला. पण १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या, त्या समजून-उमजून. बेर्नार्दिनो दे सहागुन या दुसऱ्या धर्मगुरूने मेक्सिकोतल्या नाहुआ विद्वानांच्या मदतीने त्यांचे ज्ञान लिहून काढले, तर १५७७ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने ते लिखाण जप्त करण्याचा हुकूम सोडला.

उलट दिशेने काय झाले ते पाहावे. आजच्या न्यू मेक्सिकोत स्पॅनिशांच्या गोठ्यांत राबणारे पुएब्लो लोक घोडा राखायला आणि हाकायला शिकले. १६८० च्या त्यांच्या बंडानंतर घोडे उत्तरेकडच्या मैदानांत वेगाने पसरले आणि तिथले कोमांची लोक तर नामांकित घोडेस्वार झाले. दबलेल्याला शिकल्यावाचून गत्यंतर नसते. जेत्याला मात्र वाटते, वस्तू हाती आली की झाले. ती पिकवणाऱ्याला काय विचारायचे?

या मग्रुरीची किंमत जेत्यांनी मोजली असती, तर इतिहासाने न्याय केला असे म्हणता आले असते. पण पेलाग्रा राजवाड्यात शिरला नाही. तो शिरला ज्याने कधी समुद्रही पाहिला नव्हता, अशा शेतकऱ्याच्या झोपडीत.